चुकांचा तक्ता

गुरुत्व त्वरणाचं उत्तर ९.८ च्या आसपास येण्याऐवजी १०.८ आलं की सर वहीतली आकडेमोड बघायचेच नाहीत. "एकपासून मोजलं ना बापा?" एवढंच विचारायचे. पोरगं चमकायचं, कारण मोजलेलं खरंच एकपासून असायचं. दोलक सोडला, स्टॉपवॉच दाबलं आणि तोंडातून "एक" निघालं, की "वीस" म्हणेपर्यंत एकोणीसच आंदोलनं झालेली असतात. एक मीटर लांबीच्या दोलकाला वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद लागतात आणि एकोणिसांना ३८.२. हे ३८.२ वीसने भागले की आवर्तकाळ २.०१ ऐवजी १.९१ येतो. सूत्रात त्याचा वर्ग छेदात बसतो आणि पृथ्वी एकदम दहा टक्क्यांनी जास्त ओढायला लागते. म्हणून सरांचा नियम होता की दोलक सोडताना "शून्य" म्हणायचं, आणि तेही मोठ्याने.

प्रयोगशाळेच्या दाराला आतून एक ड्रॉइंग शीट चिकटवलेली होती. तिच्यावर बरोबर उत्तर कुठेच नव्हतं, होता तो चुकांचा तक्ता. डावीकडे चुकीचं उत्तर आणि उजवीकडे ते का आलं याचं कारण. १०.८ म्हणजे मोजणी एकपासून. ९.६९ म्हणजे दोऱ्याची लांबी मोजली, पण गोळ्याची एक सेंटिमीटर त्रिज्या मिळवायची राहिली. ९.४५ म्हणजे दोलक हौसेने तीस अंशांपर्यंत ओढून सोडला; एवढ्या झोक्याला आवर्तकाळ पावणेदोन टक्क्यांनी वाढतो आणि साधं सूत्र तिथे लागू राहत नाही. ३९ म्हणजे जाणं एक आणि येणं दुसरं असं धरून मोजलं. तक्त्याच्या तळाशी लाल शाईत लिहिलं होतं: "९.८० नेमकं आलं, तर पुस्तकातून उतरवलं." विदर्भाच्या अक्षांशाला आणि उंचीला हा आकडा ९.७९ च्या जवळ असतो. शाळेतल्या दोऱ्याने आणि हाताने दाबायच्या स्टॉपवॉचने मोजलं तर तो कधी ९.७ येईल, कधी ९.९. दहा पोरांचं उत्तर ९.८० आलं याचा सरांच्या लेखी एकच अर्थ होता, की त्या दहांपैकी कोणीही मोजलेलं नाही.

वर्धा नदीच्या खोऱ्यातलं, काळ्या मातीचं आणि पऱ्हाटीचं गाव. विषय नववी-दहावीचं विज्ञान, पण गावाने त्यांना फिजिक्सचेच सर मानलं. त्यातही म्हातारी माणसं त्यांना फौजी मास्तर म्हणत. मॅट्रिक होऊन ते फौजेत गेले तो चीनच्या युद्धानंतरचा, भरती जोरात चालू असलेला काळ. पंधरा वर्षांची नोकरी करून पेन्शनवर घरी आले आणि तिशी उलटल्यावर आपल्याहून तेरा-चौदा वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर बसून त्यांनी बी.एस्सी. केलं, मग बी.एड. गावाला त्या वेळी हे विचित्र वाटलं होतं. पेन्शन आहे, वावर आहे, आता पुस्तकं कशाला? पण त्यांना शिकायचं होतं ते फौजेत सुरू झालेलंच. फौजेत कोष्टकातून नुसते आकडे मिळाले होते, त्या आकड्यांचं कारण हवं होतं.

ते तोफखान्यात होते. नाशिकरोडच्या केंद्रात शिकलेले. टापटीप आणि गणितात बरा असलेल्या मॅट्रिक पोराला तिथे टेक्निकल असिस्टंट करत, फौजेच्या बोलीत टी.ए. गोळा भरणं आणि तोफ डागणं हे तोफेवरच्या जवानांचं काम. टी.ए. कमांड पोस्टमध्ये बसून आकडे काढतो: तोफेचं तोंड कोणत्या दिशेला, किती वर, कोणता चार्ज (म्हणजे दारू किती). पुढे टेकाडावर किंवा पायदळासोबत बसलेला अधिकारी निशाण, म्हणजे गोळा जिथे पाडायचा ती जागा, बघतो, वायरलेसवर सांगतो. तोफेवरच्या माणसाला निशाण दिसत नाही. आकडे काढणाऱ्यालाही दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त नकाशा, कोष्टकं आणि पेन्सिल.

१९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत आपल्या तोफखान्याकडे पंचवीस पाउंडर तोफ होती. नावाप्रमाणे गोळा पंचवीस पाउंडांचा, म्हणजे साधारण ११.३ किलोचा, आणि नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर. दारूच्या पिशव्या रंगांवरून ओळखायच्या: लाल एकटी म्हणजे पहिला चार्ज, लाल-पांढरी म्हणजे दुसरा, लाल-पांढरी-निळी म्हणजे तिसरा. त्यापुढे सुपर चार्ज, आणि त्यावर गोळा सेकंदाला ५३२ मीटर वेगाने नळीबाहेर पडतो.

दहावीच्या पुढे गेलेली पोरं सुट्टीत भेटायला आली की सर त्यांना हाच आकडा द्यायचे. प्रक्षेप्याचं सूत्र लावा म्हणायचे: वेगाचा वर्ग भागिले जी (गुरुत्व त्वरण), पंचेचाळीस अंश. पोरं खुशीत उत्तर काढायची, २८.९ किलोमीटर. सर सांगायचे, या तोफेचा सगळ्यात लांबचा पल्ला सव्वाबारा किलोमीटर. मग गप्प बसायचे. सूत्रातले साडेसोळा किलोमीटर गेले कुठे, हे पोरांनी शोधायचं. पुस्तकात सूत्राच्या वर एक ओळ असते, "हवेचा रोध नगण्य मानल्यास". परीक्षेला ती ओळ कुणी वाचत नाही. सरांच्या मते सगळं फिजिक्स त्या ओळीत होतं. क्रिकेटचा चेंडू असो की तोफेचा गोळा, काय नगण्य मानलं हे ज्याला माहीत नाही त्याचं उत्तर बरोबर आलं तरी ते त्याचं नव्हे.

आणि हवा रोजची सारखी नसते. गोळा लांब पल्ल्यावर अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ हवेत असतो. तेवढ्या वेळात आडवा वारा त्याला बाजूला नेतो, समोरचा वारा अलीकडे पाडतो. थंड हवा दाट असते, म्हणून रोध वाढतो. दारू थंड असली तर सावकाश जळते, नळीबाहेरचा वेग घटतो, गोळा पुन्हा अलीकडेच. म्हणजे डिसेंबरातल्या पंजाबच्या रात्री दोन चुका एकाच दिशेने येतात. शेकडो गोळे डागलेल्या तोफेची नळी आतून झिजते, तिचा वेग नव्या तोफेपेक्षा कमी पडतो. त्यामुळे एकाच ओळीत उभ्या असलेल्या तोफांनाही प्रत्येकीची वेगळी दुरुस्ती लागते. दारूच्या पेट्यांत थर्मामीटर ठेवून तापमान घ्यायचं, हवामानाचा संदेश आला की सगळी आकडेमोड नव्याने करायची. दिशेत एक अंशाची चूक झाली तर दहा किलोमीटरवर गोळा पावणेदोनशे मीटर बाजूला पडतो. एवढ्या अंतरात आपली अख्खी पलटण बसलेली असू शकते.

एवढं करूनही पहिला गोळा निशाणावर पडेल असं कुणी धरत नाही. तो पडला की पुढचा अधिकारी सांगतो, पलीकडे गेला. चारशे कमी करा. आता अलीकडे पडला. म्हणजे निशाण या दोघांच्या मध्ये. दोनशे वाढवा, मग शंभर, मग पन्नास. कवेत घेऊन कव अर्धी-अर्धी करत जायचं. सरांनी फळ्यावर वर्गमूळ काढायला शिकवलं ते याच पद्धतीने. दोनचं वर्गमूळ १.४ आणि १.५ च्या मध्ये, म्हणून १.४५ बघ, त्याचा वर्ग जास्त येतो, म्हणून खाली ये. पोरांना ती गणिताची युक्ती वाटायची. ती आली कुठून, हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नाही.

कमांड पोस्टचा एक रिवाज मात्र त्यांनी जसाच्या तसा प्रयोगशाळेत आणला. तिथे एकच आकडा दोन माणसं वेगवेगळी काढतात, एकमेकांच्या कागदाकडे न बघता, आणि मग ताडून पाहतात. दोन्ही जुळले तरच तो आकडा तोफेला जातो. शाळेतही दोन पोरांच्या जोडीत एकाने घेतलेलं वाचन दुसऱ्याला सांगायचं नाही. दोघांनी स्वतंत्र लिहायचं, मग वह्या समोरासमोर. फरक आला तर कोण बरोबर यावर भांडायचं नाही, तिसऱ्यांदा मोजायचं. बाकी शाळांत जोडीतला हुशार पोरगा मोजतो आणि दुसरा उतरवून घेतो. शाळेत आणता येईल अशी याहून मोलाची गोष्ट त्या माणसाने युद्धातून आणली असेल असं मला वाटत नाही.

युद्धाच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या नाहीत. पंधरा ऑगस्टला भाषणाला उभं केलं की दोन मिनिटांत बसायचे. छातीवर पदकं लावून आलेले कुणी पाहिले नाहीत. १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चं संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टार एका पत्र्याच्या डब्यात, व्हर्निअर कॅलिपरच्या शेजारी. फौजेची पदकं कडेला पाहिली तर तिथे नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. पोरांनी हट्ट केला तर सर पदक हातात द्यायचे आणि त्याची जाडी कॅलिपरने मोजायला लावायचे. कुणी विचारलंच की सर, तुमच्या गोळ्याने किती मेले, तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "मले निशाण दिसत नव्हतं. पुढं आपले होते, एवढं माहीत होतं." आकडा चुकला तर तो आपल्याच माणसांवर पडतो, हे डोक्यात ठेवून ज्याने वर्षानुवर्षं बेरीज-वजाबाकी केली, त्याला पुढे नववीच्या पोराच्या उतरवलेल्या ९.८० चा राग का यायचा, हे तेव्हा कुणाला कळत नव्हतं. पोरं म्हणायची, पॉइंट झिरो वनचा तर फरक आहे!

सोळा डिसेंबरला लोक त्यांना विजय दिवसाच्या शुभेच्छा द्यायचे. ते हात जोडायचे आणि सांगायचे की ढाक्याची शरणागती सोळाला झाली हे खरं, पण पश्चिम आघाडीवर तोफा थांबल्या त्या सतराला रात्री आठ वाजता. मधल्या त्या एका दिवसात आणि काही तासांतही माणसं होती. तारीख दुरुस्त करण्याचा हा हट्ट काहींना कोरडा वाटायचा. कोरडा तो नव्हता.

त्यांचा उजवा कान गेलेला होता. पूर्ण नाही, अर्धवट, आणि तेच जास्त अवघड. तोफखान्यात त्या काळी कानात कापसाचे बोळे घालत, आणि कोरडा कापूस स्फोटाचा आवाज फारसा अडवत नाही. कापसाच्या मुलखातल्या माणसाचा कान कापसाने वाचला नाही. मोठ्या आवाजाने कान जातो तो सगळ्या सुरांना सारखा जात नाही. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, मग वयासोबत तो रुंद होत जातो. खालचे स्वर शाबूत राहतात, म्हणून माणसाला बोलणं ऐकू येतं, पण समजत नाही. अ, आ, ओ पोहोचतात. स, श, फ, थ गळतात. सासू आणि आऊ एकच. लोकांना वाटतं मोठ्याने बोलावं, पण ओरडण्याने स्वर वाढतो, गळालेलं व्यंजन परत येत नाही. सावकाश आणि समोर उभं राहून बोलायचं असतं.

ध्वनीच्या धड्याला सर स्वतःचा कान उपकरण म्हणून वापरायचे. आपल्या तपासणीचा आलेख फळ्यावर काढायचे. मग ५१२ हर्ट्झचा नादकाटा रबरी ठोकळीवर मारून उजव्या कानाशी धरायचे आणि ऐकू येत राहील तोवर हात वर. त्यानंतर मागच्या बाकावरच्या पोराने बारीक शिट्टी वाजवायची. सगळा वर्ग कान झाकायचा, आणि डावा कान बोटाने बंद करून उभ्या असलेल्या सरांचा हात खालीच. वारंवारता म्हणजे काय हे त्या वर्गातला कुणी पुढे विसरला नसेल. उपकरण खराब असलं तरी चालतं, म्हणायचे, त्यात किती खराबी आहे ते लिहून ठेवा.

गावाच्या उपयोगी ते पडले ते विहिरीवर. उन्हाळ्यात पाणी किती खाली गेलं हे पाहायला शाळेची पोरं घेऊन जायचे. दगड सोडायचा, डुबुक ऐकू येईपर्यंत वेळ मोजायचा. दोन सेकंद लागले तर सूत्राने १९.६ मीटर. पण दगड पडल्यावर आवाजाला वर यायलाही वेळ लागतो. तो वजा केला की पाणी १८.५ मीटरवर येतं, म्हणजे साठ फुटांवर. हुशार पोरगा ही दुरुस्ती स्वतः शोधून काढायचा आणि शाबासकीची वाट पाहायचा. मग सर विचारायचे, तुझं बोट स्टॉपवॉचवर किती उशिरा पडतं? डुबुक ऐकून बटण दाबायला माणसाला पाचवा हिस्सा सेकंद सहज लागतो. दोन सेकंदांनंतर दगडाचा वेग सेकंदाला एकोणीस मीटरच्या घरात असतो, म्हणजे बोटाची चूक पावणेचार मीटरची. आवाजाची दुरुस्ती जेमतेम एका मीटरची. लहान चूक काढण्यात बुद्धी खर्च केली आणि मोठी तशीच राहिली. दहा दगड टाकले तरी बोट प्रत्येक वेळी उशिराच पडणार, त्यामुळे सरासरीने ही चूक जात नाही. ती कमी करायची तर शेवटचा उपाय एकच. "दोर सोडा." दोराला दगड बांधून खाली सोडायचा, पाणी लागलं की गाठ मारायची, वर काढून टेपने मोजायचं. फिजिक्सचा मास्तर शेवटी दोरावर येतो म्हणून लोकांना मौज वाटायची. सरांना ती माघार वाटत नव्हती. कोणतं माप कुठे चालतं, हेच तर शिकवायचं होतं.

मोटार पाणी ओढत नाही ही तक्रारही त्यांच्याकडे यायची. मोटार पाणी ओढत नसतेच, इथून ते सुरुवात करायचे. पंप नळीतली हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी वर ढकलतो. तो दाब दहा मीटरच्या आसपासचं पाणी पेलतो, त्याहून जास्त नाही, मोटार पाच हॉर्सपॉवरची लावा की दहाची. प्रत्यक्षात नळीतलं घर्षण, वळणं आणि फुटव्हॉल्व्ह (नळीच्या तळाची एकमार्गी झडप) यांत बरंच जातं, म्हणून सहा-सात मीटर धरावेत. काठावरची मोटार मे महिन्यात कोरडी फिरते ती याने. तिला विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवावं लागतं; वरच्या बाजूची नळी लांबली तर मोटारीच्या ताकदीवर भागतं, खालची लांबली की ताकद कामाची नाही. पंपात पाणी भरून चालू केलं आणि तासाभराने पुन्हा भरावं लागलं, तर फुटव्हॉल्व्हमध्ये काडी किंवा वाळू अडकून तो गळतोय. पाणी येतं पण फेसाळ, तुटक येतं, तर खालच्या नळीचा कुठलातरी जोड हवा घेतोय. चालू मोटारीवर जोडाला ओला फडका गुंडाळत जा, ज्या जोडावर धार सुधारली तो दोषी. मेकॅनिक पाईप बदलायला सांगतो तिथे हे आधी करून बघण्यासारखं आहे.

आभाळातल्या विजेबद्दल मात्र ते समजावत बसत नसत, हुकूम सोडत. चमक दिसल्यापासून कडाडेपर्यंत सेकंद मोजायचे, तिनाने भागले की किलोमीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर निंदण तिथेच टाकून वावराबाहेर, पक्क्या घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत फिरायचं नाही. धुऱ्यावरच्या निंबाखाली मुळीच नाही. घर गाठता आलं नाही तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, घोळका करायचा नाही. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते आणि दोन पायांमधल्या अंतरावर विजेचा दाब (व्होल्टेज) तयार होतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून माणूस वाचतो तिथेही बैल जातो.

त्यांच्या घरच्या अंगणात, झाडाझुडपांपासून लांब, सरळ भिंतीचा एक डबा जमिनीत रोवलेला होता. तोंडाचा व्यास ११ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर. ९५ मिलिलिटर पाणी जमलं तर पाऊस दहा मिलिमीटर. बादली चालत नाही, कारण ती वर रुंद आणि खाली अरुंद. तिच्यातल्या पाण्याची उंची मोजली तर पाऊस फुगून येतो. डब्यावर चाडी (नरसाळं) बसवलेली, साठलेलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, हवामान खात्याची वेळही तीच. एका मिलिमीटरने एकरावर चार हजार लिटर पाणी पडतं. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय करू नये, असा कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो. मृगाचा पहिला दणका बसला की मातीचा वास येतो, तिफणी निघतात. डब्यात निघतात बत्तीस. वरचा थर ओला, खाली कोरडं. आठ दिवस उघाड पडली की उगवलेलं करपतं आणि बियाणं दुसऱ्यांदा घ्यावं लागतं. लोक पेरणीआधी सरांच्या अंगणात येऊन बेरीज विचारायचे, ती याचसाठी.

ती रजिस्टरं घरी आहेत. निवृत्तीनंतरच्या सगळ्या पावसाळ्यांची. तारीख, मिलिमीटर, एकूण बेरीज आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. एक दिवस ते नागपूरला गेले असतील तर मापाच्या पुढे मोजणाऱ्या नातवाचं अक्षर आणि सही आहे. स्वतः न पाहिलेल्या गोष्टीपुढे कंसात "ऐकीव" लिहिलेलं आहे. नदीपलीकडे गारा, ऐकीव. नाल्याला पूर, ऐकीव. मग दुसऱ्या दिवशी खाली, स्वतः जाऊन पाहिला, पुलाच्या दुसऱ्या खांबापर्यंत.

रातकिड्यांचा आवाज चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असतो. नेमका तिथेच, जिथे कानातला खड्डा. तो वयाने रुंदावत डाव्या कानातही आला होता. दर वर्षी मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-चार दिवसांत शेऱ्याच्या रकान्यात एक नोंद आहे, बारीक, सरळ अक्षरात, प्रत्येक रजिस्टरात:

"रातकिडे सुरू (ऐकीव)."